आतड्याचा दाह: फ्लेअरमधले जेवण आणि एरवीचे जेवण

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजारांचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न ‘आता काय काय बंद करायचे?’ हाच निघतो. आहाराने हा आजार मुळापासून बरा होत नाही आणि मेसालामाइन किंवा अझाथायोप्रिनसारख्या गोळ्या सोडून केवळ पथ्यावर राहणे धोक्याचे असते. एक अपवाद आहे: क्रोन्स झालेल्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली 6 ते 8 आठवडे फक्त पोषक द्रवाहार देऊन दाह शमवता येतो. बाकीच्यांनी आजार उसळलेला असतानाचे, म्हणजे फ्लेअरमधले, जेवण वेगळे आणि तो शांत असतानाचे वेगळे ठेवावे. माझ्या मते रुग्णाचे अधिक नुकसान एखाद्या वेळच्या तिखटापेक्षा वर्षानुवर्षे न सुटलेल्या पथ्याने होते.

फ्लेअरमध्ये चोथा कमी करावा. दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा किंवा गाजर साल काढून, दुधी-भोपळ्याच्या बियांचा गर खरवडून, बोटांत सहज कुस्करेल इतके शिजवावे. पोह्यांवर भुरभुरलेले खोबरे, दाण्याचे कूट आणि मक्याचे कणीस तेवढ्या दिवसांपुरते दूर ठेवावे. आमटी-कालवणाला नारळाची चव हवीच असेल, तर वाटणाऐवजी गाळलेले दूध घालावे. दिवसातून तीन भरपेट जेवणांपेक्षा पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे सोसते. जुलाब वारंवार होत असल्यास नुसते पाणी पुरत नाही. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे.

मऊ भात, पेज, मेतकूट आणि तूप हे आपल्याकडचे आजारपणातले जेवण पोटाला सोसते, पण त्यात प्रथिने फार थोडी असतात. आजार सक्रिय असताना मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 55 किलोच्या व्यक्तीला साधारण 66 ते 82 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम आणि 100 ग्रॅम माशात सुमारे 18 ते 20 ग्रॅम प्रथिने असतात, तर वाटीभर साध्या वरणात जेमतेम 5-6. त्यामुळे पेजेसोबत उकडलेले अंडे, वाफवलेले पापलेट किंवा मऊ पनीर असलेच पाहिजे. शाकाहारी व्यक्तीने धुतलेल्या मूगडाळीचे दाट वरण आणि सोसत असल्यास दही यांचा आधार घ्यावा. ठाण्यात आणि नवी मुंबईत ताजी मासळी सहज मिळते, फक्त ती तळून किंवा तिखटजाळ कालवणात नको.

दूध सर्वांनाच वर्ज्य नसते. दूध घेतल्यावर पोट फुगत असेल किंवा जुलाब वाढत असतील, तर ते थांबवून ताक-दही घेऊन पाहावे, कारण दह्यात लॅक्टोज कमी असते. आतडे एखाद्या ठिकाणी आकुंचन पावून अरुंद झाले असेल, ज्याला डॉक्टर स्ट्रिक्चर म्हणतात, तर मात्र शेवग्याच्या शेंगा, गवार, फणस, संत्र्याच्या फोडींची साल असे तंतुमय पदार्थ आजार शांत असतानाही टाळावेत. पोट फुगून उलट्या होत असतील आणि शौच व वायू दोन्ही थांबले असतील, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालयात जावे.

ठाणे-वाशी लोकलने कामावर जाणारे अनेक रुग्ण वाटेत शौचाची वेळ येऊ नये म्हणून सकाळपासून काहीच खात नाहीत, कारण लोकलमध्ये शौचालय नसते. ही भीती खरी आहे, पण त्यामुळे एक अख्खे जेवण बुडते. त्यापेक्षा लवकर उठून निघण्याच्या तासभर आधी थोडे खावे आणि डब्यात केळे व इडली ठेवून कार्यालयात पोहोचल्यावर ते संपवावे.

फ्लेअर ओसरल्याचे डॉक्टरांनी सांगितले की एका वेळी एकच पदार्थ, तोही थोडाच, परत आणावा आणि दोन-तीन दिवस थांबून पुढचा घ्यावा. साध्या वहीत पदार्थ, वेळ आणि पोटाची स्थिती लिहिली की नेमके काय बाधते ते कळते. मिसळीने पोट बिघडले तेव्हा दोष तर्रीचा, कांद्याचा की फरसाणाचा, हे एरवी ओळखता येत नाही. स्ट्रिक्चर नसलेल्यांनी भाज्या, फळे आणि डाळी हळूहळू पूर्ण प्रमाणात घ्याव्यात. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असतील, तर बाहेरची पाणीपुरी आणि कच्ची मोड आलेली कडधान्ये पावसाळ्यातच नव्हे तर बाराही महिने टाळावीत.

रक्तस्रावाने लोह कमी होते. लहान आतड्याचा शेवटचा भाग आजारी असेल किंवा काढला असेल, तर बी-12 शोषले जात नाही. स्टेरॉइडने हाडे कमजोर होतात म्हणून कॅल्शियम व ड जीवनसत्त्व लागते. सल्फासलाझिन हे दाहावरचे औषध घेणाऱ्यांना फोलिक ॲसिडही लागू शकते. या पूरक गोळ्या मनाने सुरू न करता रक्ततपासणी करूनच घ्याव्यात. श्रावणातले उपवास डॉक्टरांना विचारून करावेत आणि फ्लेअरमध्ये मुळीच करू नयेत. एरवी दाण्याचे कूट घातलेल्या तुपकट साबुदाणा खिचडीपेक्षा ताकासोबत वरीचा मऊ भात पोटाला हलका पडतो.