पोटाची दुर्बीण तपासणी: या चुका टाळा

पोटात जळजळ सुरू झाली की आपल्याकडे आधी मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीची पट्टी येते. ती महिनोन्‌महिने चालते. मग कोणीतरी नागपूर नाहीतर सेवाग्रामला जाऊन तोंडातून पोटात दुर्बीण टाकायला (एंडोस्कोपी) सांगतं आणि माणूस निघायच्या दिवशीही सकाळी तीच गोळी घेऊन एसटीत बसतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

जठराच्या सुजेमागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. तो शोधून काढणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना 2005 चं नोबेल मिळालं. गोळीनं आम्ल कमी झालं की हे जंतू घटतात आणि जठराच्या खालच्या भागातून वर सरकतात. दुर्बिणीतून जठराचा बारीक तुकडा काढतात. जंतू असेल तर तो तुकडा युरिएज या जंतू ओळखणाऱ्या चाचणीत टाकल्यावर पिवळा रंग गुलाबी व्हायला हवा. गोळी चालू असेल तर जंतू असूनही रंग पिवळाच राहू शकतो. घरी येऊन मग सांगायचं, "काही नाही निंगालं." म्हणून ही गोळी निदान 2 आठवडे आणि अँटिबायोटिक 4 आठवडे बंद हवं. पण डॉक्टरांना विचारूनच. अल्सरमधून रक्त गेलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी परस्पर काहीच बंद करू नये.

तपासणीला उपाशी म्हणजे उपाशी. दुधाचा चहाही नको. खर्रा तर नकोच, "तो काय खाण्यात मोजतात का" म्हणणारे पानठेल्यावर भेटतीलच. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं का, हे आदल्या दिवशीच विचारा.

तुकडा म्हटलं की घरचे घाबरतात, कॅन्सरच असणार म्हणून. तसं नाही. आतून लाल दिसणारं जठर सूक्ष्मदर्शकाखाली ठीक निघतं, नितळ दिसणाऱ्यात सूज सापडते. त्यासाठीच खालून 2, वरून 2 आणि वळणावरून 1 असे तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडे घेतात. घेताना दुखत नाही.

तुकड्याची बाटली लॅबला न्यायला तुमच्या हातात दिली, तर आतलं पाणी ओतू नका, ते तुकडा टिकवणारं फॉर्मेलिन असतं. फ्रीजमध्येही ठेवू नका. झाकणावर नव्हे, बाटलीवर नाव आहे ना, ते तिथंच बघा.

दुर्बिणीचा कागद त्याच दिवशी मिळतो, तुकड्याचा काही दिवसांनी. बरेच जण दुसरा आणायला जातच नाहीत आणि उपचार अर्धवट कागदावर चालतात. जंतू निघाला तर कोर्स बहुधा 14 दिवसांचा असतो. तो संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून जंतू गेल्याची खात्री करतात. त्या चाचणीआधीही 2 आठवडे ॲसिडिटीची गोळी बंदच. रक्ताची चाचणी इथं कामाची नाही, जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते.