शिट्टी, नारळ आणि जहाजाचं जुनं नाव

माझं पहिलं जहाज तेलाचा टँकर होता, मुंबईत लागलेला. निघायच्या आदल्या संध्याकाळी आईनं मला गंगेवर नेलं. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडाचं पाणी बाटलीत भरलं, दुतोंड्या मारुतीला हात जोडले, आणि घरी आल्यावर तिनं बॅगेत कापूर, उदबत्ती, काडेपेटी ठेवली. दुसऱ्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली, आणि गँगवेवरच, म्हणजे जहाजात चढायच्या शिडीवरच, काडेपेटी जमा झाली. टँकरवर उघडी ज्योत चालत नाही, देवासाठीही नाही. मेसमधल्या देव्हाऱ्यात बॅटरीवरचा दिवा होता. कापूर शेवटपर्यंत बॅगेतच राहिला.

नाशिकहून डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरचे शिकाऊ अधिकारी, म्हणून निघणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. आयएमयूची, म्हणजे भारतीय सागरी विद्यापीठाची, सीईटी, डीएनएस या नौकानयनाच्या पदविकेचं एक वर्ष, त्यानंतरचे जहाजावरचे १८ महिने, ही माहिती कुणीही देतं. जहाजावरच्या समजुतींबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात त्या तुमच्यासमोर उभ्या राहतात.

माझ्यासमोर आली ती शिट्टी. पहाटेच्या चार ते आठच्या वॉचला, म्हणजे पाळीला, ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, उभी होते, तोंडातून नकळत एक चाल शिट्टीत निघाली. शेजारी लुकआउटला, म्हणजे टेहळणीला, कोकणातल्या हर्णैचे सुकाणीकाका होते. एकदम म्हणाले, "पोरी, शीळ नको घालू. वाऱ्याला हाक मारतेस काय?" मी हसले. वॉच संपेपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

ही समजूत शिडाच्या जहाजांच्या काळातली. वारा पडला की शीळ घालून त्याला बोलवायचं, आणि वारा असताना घातली तर वादळ येतं. मला ती उमगली यलो सीमध्ये, वसंतातल्या दाट धुक्यात. पुढचा डेकसुद्धा दिसत नव्हता. धुक्यात चालत्या जहाजानं जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतरानं एक लांब भोंगा द्यायचा असतो. आमचा चालू होता. दोन भोंग्यांच्या मधल्या शांततेत काकांनी हात वर केला आणि उजवीकडे बोट दाखवलं. मी श्वास रोखून ऐकलं तेव्हा कुठे बारीकसा आवाज आला. लाकडी मासेमारी होडी होती, रडारवर धड उमटतही नव्हती. सेकंड ऑफिसरनं आधीच कमी असलेला वेग आणखी उतरवला. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो, नजर डोळ्यांनी ठेवा तशी कानांनीही ठेवा. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता. त्या दिवसानंतर ब्रिजवर मी गुणगुणलेसुद्धा नाही.

अमावास्येचंही तसंच. काकांच्या घरी दुरुस्त केलेली होडी अमावास्येला पाण्यात घालत नसत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब कोकणात पोरंसोरं करतात. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. मी भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहिलं, थोड्याफार फरकानं जुळतं. आपल्याकडे दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, गळ्याला पाणी असा पूर मोजतात ना, तशीच ही मोजणी आहे. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहिल्याशिवाय होडी काढायची नाही, ही रीतही खवळलेल्या समुद्रापासून माणसांना आणि विणीच्या हंगामात माशांना सांभाळत आली. आता कायद्याची बंदीही साधारण त्याच दिवसांत असते, १ जून ते ३१ जुलै.

तुमच्या जहाजावर नारळ फुटेलच, ड्राय डॉकमधून, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीतून, निघताना किंवा दसऱ्याला इंजिनच्या पूजेला. तो परस्पर पाण्यात टाकू नका. मार्पोल या समुद्रप्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांनुसार अख्खं अन्न किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत टाकता येत नाही, आणि काही समुद्रांत नियम याहून कडक आहेत. चीफ ऑफिसरला विचारा, नाहीतर सरळ प्रसाद वाटून खा.

जहाजाचं नाव बदलू नये, अशीही समजूत आहे. रंग खरवडायला मला नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, बसवलं होतं, तेव्हा नव्या नावाखाली बोटांना जुन्या नावाची अक्षरं लागली. वेल्डिंगनं उठवलेली होती, नुसती घासून सपाट केलेली. मी त्यावर तळहात ठेवून जुनं नाव वाचत बसले, आंधळ्या माणसानं वाचावं तसं. मालक बदलतो, झेंडा बदलतो, नाव बदलतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात आकडी आयएमओ क्रमांक मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. म्हणून जहाजावर रुजू होण्याआधी नावावर न जाता त्या क्रमांकावरून त्याचा इतिहास शोधा.

शुक्रवारी निघू नये, हे तुम्ही ऐकाल. बंदरातला बर्थ शुक्रवारसाठी थांबत नाही, जहाज निघतं.

पण बाई जहाजावर अशुभ, ही समजूत मी मानत नाही. एका जहाजावर हवा बिघडली की एक वरिष्ठ माझ्याकडे बघून तसं बोलायचा. इतर समजुतींच्या पोटात काहीतरी शहाणपण सापडतं, हिच्यात मी शोधूनही मिळालं नाही. बॅरोमीटर उतरतो तो कमी दाबाच्या पट्ट्यामुळे. मुलींनो, असं कुणी बोललं तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि कॅप्टनकडे जा. मी गेले, बोलणं थांबलं.

विषुववृत्त ओलांडताना वरुणराजाचा दरबार भरतो. पहिल्यांदा ओलांडणाऱ्याला खरकट्यानं माखतात, खाऱ्या पाण्यानं न्हाऊ घालतात. मजा येते. मात्र डोक्याचे केस कापणं, काहीतरी जबरदस्तीनं प्यायला लावणं याला स्पष्ट नाही म्हणा. कुणी रागावलं तरी चालेल. आणि शेवटी जे सर्टिफिकेट मिळतं ते सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या ओळख-नोंद पुस्तिकेच्या, पाकिटातच ठेवा. मी माझं नाशिकला कपाटात ठेवून गेले होते, पुढच्या जहाजावर मला पुन्हा न्हाऊ घातलं.