ठाण्यात तक्रार घेत नसतील तर: पोच, फुटेज आणि मोहल्ल्याची वही

ठाण्यात तोंडी सांगितलेल्या गोष्टीला पुढे कुणी वाली नसतो. उपायुक्त असोत, मानवी हक्क आयोग असो की न्यायदंडाधिकारी, पहिला प्रश्न एकच येतो: लेखी काय दिलंत आणि पोच कुठे आहे? महाराष्ट्रातल्या शहरात पोलिसांकडून काम करून घ्यायचं असेल किंवा त्यांच्याविरुद्ध दाद मागायची असेल, तर सुरुवात कागदापासूनच करावी लागते.

अर्ज एका पानाचा ठेवा, फार तर दीड. तारीख, वेळ, ठिकाण, काय घडलं, कोणी केलं, कोणी पाहिलं, एवढंच लिहा. कलमं घालण्याच्या फंदात पडू नका. कलम चुकलं की ठाणे अंमलदार त्यावरच बोट ठेवतो. घटना नीट लिहिली असेल तर कलम लावणं हे त्यांचं काम आहे. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही घ्या. सही द्यायला कुणी तयार नसेल तर वाद घालू नका. तोच अर्ज त्याच दिवशी ठाण्याच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावतीही पोचच आहे.

‘आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. हे अनेक जण विसरतात आणि तक्रार तिथेच अडते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ‘चौकशी चालू आहे’ असं ऐकलंत तर ती याच तरतुदीखाली आहे का आणि परवानगी कोणत्या तारखेची आहे, हे लेखी विचारा.

सगळ्यात जास्त फसगत एनसीत, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीत होते. साधी मारहाण अदखलपात्र असते, त्यामुळे हाड मोडलं असलं तरी ‘एनसी करून ठेवतो’ म्हणून माणसाला घरी पाठवतात. हाड मोडणं किंवा दात पडणं ही गंभीर दुखापत आहे आणि ती दखलपात्र आहे. घातक हत्याराने केलेली दुखापतही दखलपात्रच. म्हणून आधी सरकारी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना हत्यार काय होतं, मार कुठे लागला, हे स्पष्ट सांगा. एमएलसीच्या, म्हणजे पोलीस प्रकरणातल्या जखमीच्या रुग्णालयातल्या नोंदीत ‘पडल्यामुळे’ असा शब्द गेला तर पुढे वकीलही हतबल होतो. एक्स-रे त्याच दिवशी काढून घ्या.

तरीही नोंद होत नसेल तर अर्जाची प्रत टपालाने पोलीस उपायुक्तांना पाठवा (आयुक्तालय नसेल तिथे पोलीस अधीक्षकांना). त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र लावायचं. मधली पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडकतो.

अटकेच्या वेळी नातेवाइकांनी पुढच्या गोष्टी लिहून ठेवाव्यात: नेण्याची वेळ, अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव, गाडीचा क्रमांक. अटक पंचनाम्यावर घरातल्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित साक्षीदाराची सही लागते. अटकेची कारणं सांगावी लागतात आणि नातेवाइकाला कळवावं लागतं. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही, आणि तशी वेळ आलीच तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यायची असते. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर स्त्रीला किंवा साठीपुढच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, घरी यावं लागतं. ‘फक्त चौकशीला’ म्हणून नेलेल्या माणसाची वेळच कुठे नोंदवलेली नसते, म्हणून ती वेळ तुमच्याकडे हवी.

इथे फुटेजचं महत्त्व येतं. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा आणि निरीक्षकांची खोली अशा जागी आवाजासह कॅमेरे लावायला सांगितलं. चित्रण अठरा महिने ठेवायचं, तेवढी क्षमताच नसेल तरी किमान एक वर्ष. प्रत्यक्षात ‘यंत्र बंद होतं’ हे उत्तर येतं, म्हणून मागणी लांबवू नका. दुसऱ्याच दिवशी वरिष्ठ निरीक्षकांना पत्र द्या आणि प्रत उपायुक्तांना पाठवा. मजकूर असा पुरतो: ‘अमुक तारखेला रात्री ९.१५ ते ११.४५ या वेळेतलं मुख्य दरवाजा, ड्युटी ऑफिसरची खोली आणि कोठडीबाहेरचा व्हरांडा या कॅमेऱ्यांचं चित्रण जतन करावं. कॅमेरे बंद असल्यास स्टेशन डायरीतली तशी नोंद दाखवावी.’ आधी ‘प्रत द्या’ म्हणू नका, ‘जतन करा’ म्हणा. प्रतीची मागणी माहिती अधिकारात तपासाचं कारण देऊन नाकारली जाते; जतनाची मागणी नाकारून मग चित्रण पुसलं गेलं तर तोच मुद्दा तुमच्या बाजूने उभा राहतो. पुढे आयोग किंवा कोर्ट ते मागवू शकतं.

पोलिसांविरुद्धची तक्रार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे करता येते. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा बदलला, त्यातून हे प्राधिकरण आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम डावलून केलेली अटक, खंडणी, जागा बळकावणं अशा गोष्टी त्याच्या कक्षेत येतात. ‘उद्धट बोलले’ एवढ्यावर तिथे जाऊ नका, ते उपायुक्तांकडे न्या. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. विभागीय चौकशी चालू आहे, निकाल लागू दे, असं म्हणत हे वर्ष निघून जाऊ देऊ नका.

हे सगळं घटना घडल्यानंतरचं झालं. आधीचं काम मोहल्ल्यात होतं, आणि त्याचा महाराष्ट्रातला दाखला भिवंडीचा आहे. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या या शहरात १९८८ पासून उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. सणाच्या आदल्या दिवशी पुढाऱ्यांना खुर्च्यांवर बसवून चहा पाजणारी शांतता समिती हे काम करू शकत नाही. रोजच्या ओळखीतून माणूस हवालदाराला फोन करतो, त्याला पर्याय नाही.

समिती पंधरा-वीस जणांची असावी. दुकानदार, रिक्षावाले, शिक्षिका, भाडेकरू, तरुण मुलं, दोन्ही-तिन्ही समाजांची माणसं, आणि निम्म्या तरी बायका. पक्षाचे पदाधिकारी जास्त झाले की बैठक त्यांच्या प्रचाराची होते. खबरे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला घेतलंत तर बाकीचे तोंडच उघडणार नाहीत. बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठाण्याबाहेर, म्हणजे शाळेत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये. बीटचा, म्हणजे तुमच्या भागाची जबाबदारी असलेला अंमलदार हवाच. निरीक्षक तीन महिन्यांतून एकदा आले तरी चालेल.

वहीत चार रकाने आखा: अडचण, कोणी करायचं, कधीपर्यंत, झालं का. ‘गल्लीत भीती वाटते’ असं लिहू नका. ‘शाळेमागच्या बोळात दोन दिवे बंद, रात्री ८ नंतर टोळकं’ असं लिहा. दिव्याचं काम महापालिकेचं, टोळक्याचं बीट मार्शलचं. बरंचसं काम पोलिसांचं नसतंच, ते वेगळं काढल्यावर पोलिसांना स्वतःचं काम टाळायला कारण उरत नाही. समितीने गस्त घालावी, ओळखपत्रं तपासावीत, कुणाला अडवावं, हे मात्र कधीही होऊ देऊ नका. तो अधिकार नागरिकांना नाही, आणि त्यातून मारहाणीचे गुन्हे तुमच्याच पोरांवर लागतात. मोहल्ल्यातल्या कुणाची ठाण्याबद्दल तक्रार असेल तर ती बीट अंमलदार निघून गेल्यावर ऐका आणि त्या वहीत लिहू नका. तिचा रस्ता वर सांगितलेला आहे.

निरीक्षकांची बदली झाली की समित्या विरतात. म्हणून वही समितीकडेच ठेवा, दर बैठकीच्या नोंदीची प्रत ठाण्यात पोच घेऊन द्या, आणि नवे साहेब रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात प्रलंबित कामांचं एक पान घेऊन त्यांना भेटा.