सुताच्या बिलावरचा खाते क्रमांक बदलला, तर आधी फोन करा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादरीचा कारखाना असो की चाटी गल्लीतली पेढी, सगळा हिशेब बहुधा एकाच कॉम्प्युटरवरच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं की त्या फायली कुलूपबंद होतात. कायम जोडून ठेवलेला पेनड्राइव्हही त्यात जातो. बॅकअप घेऊनही लोक अडकतात ते इथेच. म्हणून दोन हार्ड डिस्क घ्या. रोज संध्याकाळी एकीवर बॅकअप घ्या, लगेच काढा. दुसरी घरी ठेवा आणि दर शनिवारी अदलाबदल करा. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो बॅकअप उघडून पाहा. न उघडणारा बॅकअप काय कामाचा?

पैसे मात्र जास्त करून साध्या मेलनेच जातात. सूत पुरवणाऱ्याचा मेल हॅक होतो, बिल हुबेहूब तेच येतं, फक्त बँक खातं नवं. अशा वेळी मेलमधल्या नंबरवर नाही, तर आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करून विचारा. मोठी रक्कम एकाने भरायची, दुसऱ्याने मंजूर करायची. बँकेत तशी सोय मागून घ्या.

मेल आणि बँकेला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, लावा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) फाइल, मग ती लग्नपत्रिका का असेना, उघडू नका. टॅली दुरुस्तीसाठी दिलेला एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्रॅम, काम झाल्यावर काढून टाका. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेही बघा.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येते, म्हणून उद्यावर ढकलू नका.