बिघाड शोधायला शिकवताना या चुका टाळा

नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात असो की परसोडीच्या आयटी पार्कमध्ये, संगणकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या सपोर्ट विभागात रुजू झालेल्या नवशिक्याला शिकवण्याचे काम बहुधा तिथल्या सर्वांत अनुभवी माणसाकडे जाते. आणि पहिली चूक नेमका तोच करतो. तो कीबोर्ड स्वतःकडे ओढतो, दोन मिनिटांत काम उरकतो आणि ‘बघितलंस ना?’ असे विचारतो. नवशिक्याने उपाय पाहिलेला असतो, पण तो उपाय का निवडला हे मात्र त्याला दिसलेले नसते.

इंटरनेट बंद असल्याची तक्रार घ्या. संगणकाचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता (आयपी पत्ता) १६९.२५४ ने सुरू होताना दिसला की जाणकार थेट केबल तपासतो. शिकवताना मात्र त्यामागचा विचार मोठ्याने बोलून दाखवायला हवा: नेटवर्कमधील संगणकांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता न मिळाल्यामुळे विंडोजने हा पत्ता स्वतःच घेतला आहे, म्हणून ब्राउझरशी खटपट करण्यात अर्थ नाही, केबल, स्विच, वायफायची जोडणी आणि डीएचसीपी एवढेच आता पाहायचे. पत्ता योग्य असेल तर आधी गेटवेला (बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या राउटरला), मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करावे, म्हणजे तिथून उत्तर येते का ते पाहावे. तिथून उत्तर येते पण संकेतस्थळाचे नाव टाकल्यावर पत्ता सापडत नाही, असे असेल तर संशय नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसवर जातो. प्रत्येक चाचणीने कोणती शक्यता बाद झाली हे शिष्याकडूनच वदवून घ्यावे. एवढे जमले नाही, तर तो ‘राउटर बंद-चालू करा’ हे एकच वाक्य घेऊन वर्षभर फिरेल.

दुसरी चूक अधिक नाजूक आहे. वापरकर्ता म्हणतो, ‘मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं’, आणि नवशिका ती पायरी झाली असे धरून चालतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्राम) यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. अडकलेला ड्रायव्हर त्यामुळे तसाच राहू शकतो. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये, सीपीयूखाली, ‘अप टाइम’ (प्रणाली नव्याने सुरू झाल्यापासूनचा काळ) पाहिला की शंका मिटते. वापरकर्ता इथे खोटे बोलत नसतो, हे शिष्याला आवर्जून सांगावे. साहेबांना किंवा मॅडमना खोटे ठरवणारा स्वर एकदा लागला की पुढची माहिती मिळणे अवघड होते.

एकाच वेळी तीन बदल करू देऊ नयेत. बिघाड गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही.

नागपुरात आणखी एक चूक हमखास होते, ती म्हणजे हवामान विसरण्याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की दुपारी आपोआप बंद पडणाऱ्या संगणकांच्या तक्रारी येतात, आणि उत्साही नवशिका विंडोज नव्याने टाकायला घेतो. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ४१ क्रमांकाची नोंद संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढेच सांगते. कारण बहुतेकदा सांगत नाही. ते विचारूनच काढावे लागते: ठरावीक वेळी होते का, त्याच लाइनवरचा कूलर सुरू होताना होते का, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर धूळ साचली आहे का, यूपीएसवर तोच संगणक टिकतो का?

सरावासाठी व्याख्यानापेक्षा मुद्दाम बिघडवलेला संगणक बरा. तारीख काही वर्षे मागे नेऊन ठेवावी, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तक्रार करू लागतील. दुसऱ्या संगणकावर छपाईची कामे रांगेत लावणारा प्रिंट स्पूलर थांबवून ठेवावा. शिष्याने माउसला हात लावण्याआधी पहिले तीन प्रश्न कागदावर लिहावेत आणि शेवटी तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) ‘चालत नाही’ असे न लिहिता काय तपासले व काय आढळले हे लिहावे. त्याला अर्धा तास लागला तरी गुरूने हात मागेच ठेवावेत. फार तर ‘आतापर्यंत काय वगळलंस?’ एवढेच विचारावे.