तीव्र वळणांवर लांब डबे? मॉडेल रेल्वेचे कोच घेताना या चुका टाळा

एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीच्या लांब डब्यांचा रेक (जोडलेल्या डब्यांची रांग) मी पहिल्यांदा मॉडेलच्या रुळांवर चढवला, त्या दिवशी इंजिन आणि पहिले दोन डबे वळणातून व्यवस्थित गेले. तिसऱ्याचं पुढचं चाक सुटलं आणि चौथा त्याला अडकून आडवा झाला. मी रुळाचे सांधे तपासले, चाकं पुसली, डबा उलटा करून पाहिला. तासाभरानं फूटपट्टी घेतली तेव्हा कुठे उलगडा झाला. वळणाची त्रिज्या 360 मिमी, डब्याची लांबी 270 मिमी. रूळ चांगला, डबाही चांगला, पण ही जोडी जमणारी नव्हतीच.

सोलापुरात या छंदाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला सिद्धेश्वर किंवा हुतात्मा एक्सप्रेस घरात धावताना बघायची असते. स्टेशनात उभं राहून लहानपणापासून पाहिलेली गाडी ती. इच्छा अगदी रास्त आहे. पण पैसे आधी डब्यांवर जातात आणि वळणाचा विचार शेवटी होतो. क्रम उलटा हवा.

वळण न मोजता डबे घेणं

खरी रेल्वे काय करते ते आधी पाहा. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण 10 अंशांचं चालतं, म्हणजे त्रिज्या 175 मीटर. एचओ स्केलमध्ये, म्हणजे 1:87 प्रमाणात, ते 2 मीटरहून जास्त भरतं. आपण घरात 457 मिमी, म्हणजे 18 इंचांचं वळण टाकतो. खऱ्या मापात ते जेमतेम 40 मीटर झालं. एवढ्याशा वळणातून कुठलाही मेल-एक्सप्रेसचा डबा कधी गेलेला नाही. मॉडेल जातं, कारण उत्पादकांनी त्यासाठी बऱ्याच तडजोडी केलेल्या असतात.

आता आपली जागा. प्लायची पाटी 8 बाय 4 फुटांची मिळते. 4 फूट रुंदीचे दोन भाग करा, कडेला 5 सेंमी सोडा, की गोल वळणाला साधारण 558 मिमी त्रिज्या उरते. दिवाणावर किंवा 3 फुटी टेबलावर मांडणार असाल तर 407 मिमीच्या पुढे जाता येत नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवा, मगच डब्यांचे फोटो बघा.

दुकानात विचारताना त्रिज्या आणि व्यास यांची गल्लत होऊ देऊ नका. 36 इंचांचं वर्तुळ म्हणजे 18 इंच त्रिज्या. वळणाच्या तयार रुळांवरच्या ‘आर-1’, ‘आर-2’ या खुणांवरही डोळे मिटून विसंबू नका. हॉर्नबी कंपनीचं आर-1 वळण 371 मिमीचं, जर्मन पिकोचं 360 चं. आर-2 मध्ये हॉर्नबी 438, पिको 422.

जुन्या छंदिष्टांचा ठोकताळा असा: वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या दुप्पट असेल तर डबा कसाबसा जातो, अडीचपट असेल तर भरवशानं जातो, तिप्पट असेल तर दिसायलाही बरा दिसतो. 270 मिमीच्या डब्याची तिप्पट 810 मिमी. 8 बाय 4 च्या पाटीवर ते बसत नाही. खोक्यावर ‘किमान त्रिज्या 360’ छापलेलं असतं, त्याचा अर्थ ‘रुळावरून उतरणार नाही’ एवढाच घ्यायचा.

नुसती लांबी बघून ठरवणं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण बहुतेकांचे पैसे इथेच वाया जातात. एक शब्द आधी स्पष्ट करतो. आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. डब्याखालच्या चार चाकांच्या सांगाड्याला रेल्वेतली माणसं ट्रॉली म्हणतात, मीही तेच म्हणतो.

खरा आयसीएफ, म्हणजे जुन्या धाटणीचा डबा 21.3 मीटर लांब, एलएचबी 23.5 मीटर. एचओमध्ये 245 मिमी आणि 270 मिमी. फरक 25 मिमीचा, म्हणून वाटतं काय बिघडणार? पण दोन्हींच्या ट्रॉल्यांमधलं अंतर जवळपास सारखंच आहे, 14.8 आणि 14.9 मीटर. म्हणजे वाढलेली सगळी लांबी ट्रॉलीच्या पलीकडे, डब्याच्या टोकांना आली. 457 मिमीच्या वळणावर आयसीएफचं टोक रुळाच्या मध्यरेषेपासून साडेआठ मिमी बाहेर येतं, एलएचबीचं सुमारे 12 मिमी. डब्याचा मधला भाग दोन्हींत सारखाच, 8 मिमी आत सरकतो. कपलिंग, म्हणजे दोन डबे जोडणारा आकडा, ओढलं जातं ते टोकाशी, म्हणून या साडेतीन मिमीची किंमत मोठी आहे. वळण तेच असेल तर आयसीएफचा निळा रेक घ्या. जुनी सिद्धेश्वर निळीच होती, मनाला रुखरुख लागायचं कारण नाही.

डबा विकत घेण्याआधी हे घरी तपासता येतं. चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. त्यातून 270 बाय 37 मिमीची पट्टी कापा, तोच एलएचबी डबा. मध्यरेषेवर एकमेकींपासून 171 मिमी अंतरावर दोन टाचण्या आरपार खोचा, त्या ट्रॉल्या. पाटीवर पेन्सिलनं वळणाची रेघ काढा आणि दोन्ही टाचण्यांची टोकं रेघेवर ठेवून पट्टी हळूहळू सरकवत न्या. कोपरा कुठे जातो, पोट कुठे जातं, त्यावर दुसऱ्या पेन्सिलनं खुणा करा. प्लॅटफॉर्म, सिग्नल, बोगद्याचं तोंड या खुणांच्या बाहेर हवं. दोन पट्ट्या शेजारी ठेवून दुहेरी मार्गही तपासा. 360 आणि 422 मिमीची वळणं शेजारी असतील, तर समोरासमोर आलेल्या दोन एलएचबी डब्यांत जेमतेम 2 मिमी जागा राहते. रूळ टाकताना हात किंचित हलला तरी डबे घासणार.

आखूड केलेल्या डब्यांना कमी लेखणं

‘लांबी बरोबर नाही’ म्हणून कितीतरी जण आखूड मॉडेल नाकारतात. युरोपातले मोठे उत्पादक वर्षानुवर्षं असे डबे विकत आले आहेत. 26.4 मीटरचा जर्मन डबा एचओत 303 मिमी व्हायला हवा. मार्कलिन तो 282 मिमीत बसवते, आणि 264 मिमीचेही डबे मिळतात. रुंदी-उंची पूर्ण मापाची, फक्त लांबी कमी, क्वचित एखादी खिडकी वगळलेली. तीव्र वळणावर असा डबा पूर्ण मापाच्या डब्यापेक्षा जास्त खरा दिसतो, कारण दोन डब्यांमधली विचित्र फट कमी होते. एकच पथ्य: आखूड आणि पूर्ण मापाचे डबे एका रेकमध्ये मिसळू नका, लगेच डोळ्यांत भरतं.

उजवं वळण संपताच डावं

इंग्रजी एसच्या आकाराचं हे वळण. पहिल्या डब्याचं टोक 12 मिमी एका बाजूला, मागच्याचं 12 मिमी दुसऱ्या बाजूला. मधल्या कपलिंगनं एकदम 24 मिमीची तिरकी उडी घ्यायची. एक चाक उचललं जाणारच. दोन वळणांच्या मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ रूळ टाका. यार्डात शिरताना गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांमुळेही असं एस वळण नकळत तयार होतं, तिथे आवर्जून बघा.

डबा तरीही पडतोय?

आधी गाडी हातानं, अगदी हळू ढकला आणि कोणतं चाक आधी सुटतं ते पाहा. नेहमी एकाच जागी सुटत असेल तर रूळ बघा. नेहमी एकाच डब्याचं सुटत असेल तर डबा बघा.

डबा उलटा धरून ट्रॉली दोन्हीकडे फिरवा. 457 मिमीच्या वळणाला ट्रॉली सुमारे 11 अंश फिरावी लागते, 360 ला 14. पायऱ्या, बॅटरी बॉक्स, पाण्याची टाकी यांपैकी काही आड येत असेल तर तिथे चाकाची कड घासल्याचा चकचकीत पट्टा दिसेल. तो भाग कानशीनं थोडा खाली करा. स्क्रू दोन्ही ट्रॉल्यांचे सारखे आवळू नयेत. एका ट्रॉलीचा इतका की ती फिरेल पण डुलणार नाही, दुसरीचा सैल, म्हणजे ती डुलू शकेल. तीन पायांच्या स्टुलासारखा डबा मग रुळावर नीट टेकतो.

कपलिंग ट्रॉलीला जोडलेलं असेल तर ते वळणावर ट्रॉलीबरोबर फिरतं, ओढताना छान चालतं. पण गाडी मागे ढकलली की सगळा रेटा चाकावर येतो. कपलिंग डब्याच्या सांगाड्याला असेल तर ढकलणं सोपं, पण वळण मोठं हवं. यावरचा चांगला तोडगा म्हणजे सरकतं कपलिंग. सरळ रुळावर डबे जवळजवळ चिकटलेले राहतात आणि वळणावर कपलिंग आपोआप पुढे सरकून जागा करून देतं. दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले तरी हेच घ्या.

वजनाचा हिशेब अमेरिकी छंदिष्टांच्या संघटनेनं घालून दिलेला आहे: सुरुवातीचे 28 ग्रॅम, वर दर इंच लांबीला 14 ग्रॅम. 270 मिमीच्या डब्याला साधारण 180 ग्रॅम. हलका डबा पुढे आणि जड डबे मागे लावले, तर ताणलेल्या दोरीसारखा हलका डबा वळणाच्या आतल्या बाजूला उपटून पडतो.

आता खास आपल्या गावची दोन दुखणी. माझ्या घरापासून यंत्रमागाचा कारखाना दोन गल्ल्या सोडून आहे. तिथला तूस हवेतून येतो आणि आसाच्या टोकांना गुंडाळला जातो. एक डबा मी चिमट्यानं साफ केला तेव्हा चारही आसांवरून करड्या धाग्याची बारीक वळी निघाली. असा डबा जड ओढतो आणि वळणावर पहिला तोच पडतो. महिन्यातून एकदा चिमटा फिरवा, आणि चालवून झालं की रुळांवर जुनी चादर टाका.

दुसरं दुखणं ऊन. गड्डा यात्रेच्या, म्हणजे जानेवारीच्या थंडीत फट न ठेवता टाकलेला रूळ मे महिन्यात फुगतो. मीटरला अर्धा मिमीसुद्धा वाढ नसते, पण ती वळणाच्या सांध्यावर जमा झाली की तिथे कोपरा तयार होतो. फटी सरळ भागात ठेवा. वळणात येणारे सांधे मात्र रूळ सरळ असतानाच डाग देऊन पक्के करा आणि मग वाकवा.

जागा कमीच असेल तर

तर ब्रॉडगेजचा हट्ट सोडा, असं मी मनापासून सांगतो. आपल्याच जिल्ह्यात 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्यानं बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. दोन रुळांमधलं अंतर फक्त 762 मिमी. तेव्हाच्या बार्शी रोडपासून, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत. 1906 साली ती पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांची गाडी झाली. आता हा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे.

762 मिमीच्या नॅरोगेजवर भारतीय रेल्वेत 40 अंशांचं वळण चालतं, त्रिज्या 44 मीटर. एचओत ते साधारण 505 मिमी होतं. जे वळण एलएचबीला तीव्र, ते बार्शी लाइटला खरंखुरं. रूळही वेगळा शोधावा लागत नाही, एचओहून लहान असलेल्या एन स्केलचा 9 मिमीचा रूळ या मापाला चालतो. एन स्केलच्या ट्रॉल्या घ्यायच्या आणि वर प्लास्टिकच्या पत्र्याचा, आखूड, उघड्या खिडक्यांचा डबा घरीच बांधायचा. खिडक्या कापायला वेळ लागतो, एका डब्याला माझे दोन रविवार गेले.

सध्या माझ्या 3 फुटी टेबलावर असे तीन डबे 400 मिमीच्या वळणातून फिरतात. डब्याचं टोक रुळाच्या जवळपास वरच राहतं, कपलिंग ताणत नाही, आणि शेवटच्या डब्याच्या दारात मी एक टाळकरी उभा केला आहे.