गुडघा बदलला तरी दुखतोय? मागच्या बाजूलाही बघा

आईचा गुडघा बदलून सात महिने झाले होते. खुर्चीतून उठून पाय सरळ केला की कळ यायची. दर खेपेला एक्स-रे बघून "सांधा छान बसलाय" असं उत्तर मिळायचं. सांधा छानच बसला होता, पण आई म्हणत होती, "पुढे काही नाही गं, मागे टोचतंय."

तुमच्याकडेही असंच चाललं असेल तर नुसतं "दुखतंय" म्हणून डॉक्टरांकडे जाऊ नका. दुखणाऱ्याला एका बोटाने जागा दाखवायला सांगा आणि तिथे पेनाने खूण करा. मी तीन दिवस रोज अशी खूण केली. तिन्ही दिवस ती गुडघ्यामागे, बाहेरच्या अंगालाच आली. कोणत्या हालचालीला कळ येते, काही 'कट्' वाजतं का, तेही लिहून ठेवा.

आधी नेहमीची कारणं तपासून घ्या: जंतुसंसर्ग, सांधा सैल होणं, कमरेतून किंवा खुब्यातून येणारं दुखणं. ताप आला, गुडघा लाल झाला किंवा पोटरी सुजली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे सगळं ठीक निघालं की ऑपरेशनच्या आधीचे एक्स-रे काढा आणि बाजूने घेतलेला बघायला सांगा. आईच्या एक्स-रेत गुडघ्यामागे वाटाण्याएवढं हाड दिसलं. ते आधीपासूनच होतं! त्याला फॅबेला म्हणतात. हे पोटरीच्या स्नायूच्या कंडऱ्यात असतं आणि सगळ्यांना नसतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या २०१९ च्या अभ्यासानुसार त्याचं प्रमाण १९१८ मध्ये सुमारे ११ टक्के होतं, २०१८ मध्ये ३९. म्हणजे हाड तसं दुर्मीळ नाही. नव्या सांध्याच्या मागच्या कडेला ते घासून दुखणं मात्र क्वचितच होतं.

म्हणून हाड दिसलं की लगेच चोर सापडला असं समजू नका. तिथे भूल देणारं इंजेक्शन देऊन कळ थांबते का, हे बघता येईल का, असं विचारा; थांबली तर दुखणं तिथलंच असण्याची शक्यता वाढते. आईला दिल्यावर ती थोड्याच वेळात उठली, पाय ताणला, कळ आली नाही, आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

तरी घाई नको. आधी पोटरी ताणायचे व्यायाम आणि औषधं करून बघा. हाड काढायचंच ठरलं तर सर्जनना सरळ विचारा, "असं हाड तुम्ही आधी काढलंय का?" कारण पावलाला वर उचलणारी नस तिथून अगदी जवळून जाते.